शालनकाकी आणि दुपारचा झोपाळा

"एक प्रश्न इचार गो बाय, एकच इचार. आणि मगे गप रव."

भिंतीपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी शालनकाकीच्या पडवीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं, आत कुणी पाहुणी आली असेल. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, "आता तेका सांगूदे. तेचा तू कित्याक सांगतंस?" आवाज चढलेला नव्हता. अभ्यासाला बसलेल्या भाचीला समजवावं तसा होता. मी दारातून डोकावले. खोलीत काकी एकटीच होती. मांडीवर तांदूळ पाखडायचं सूप, नाकावर चष्मा, आणि समोर टीव्ही.

टीव्हीवर 'दुपारचा झोपाळा' चालू होता. एक निवेदक, एक निवेदिका, आणि रोज एक पाहुणा. स्टुडिओत कोकणातल्या घरासारखी खोटी पडवी उभारलेली. निवेदक जोडी झोपाळ्यावर बसायची आणि पाहुण्याला समोर बुटकं स्टूल. पाहुण्यानं तोंड उघडलं की झोपाळ्यावरून दोघंही एकदम बोलायची.

काकीनं त्यांना नावं ठेवली होती. तो घायकुता, कारण त्याला कायम कुठली तरी गाडी गाठायची असल्यासारखी घाई. आणि ती अय्या, कारण पाहुण्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की तिचं 'अय्या' ठरलेलं. त्यांची खरी नावं रोज पडद्यावर येत, पण काकीच्या घरात ती कुणी उच्चारली नाहीत. वाडीतल्या बायकासुद्धा विचारायच्या, "काकी, आज अय्यान काय केल्यान?"

आमचं गाव मालवणजवळच्या कट्टा गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. आमच्या घरी मोबाईलला रेंज नाही, काकीच्या पडवीत आहे. पुण्याचं शिक्षण संपवून मी घरी परतले ती घरून करायची नोकरी घेऊन. एका परदेशी कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना इंग्रजीत लेखी उत्तरं द्यायची. बोलावं लागत नाही, हे त्या नोकरीतलं मला आवडलेलं. त्यामुळे रोज सकाळी मी काकीच्या पडवीत जाऊन बसायची आणि दुपारी तिचं ते टीव्हीशी चाललेलं बोलणं कानावर यायचं.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठीत बोलताना मधेच शब्द अडतो. अशा वेळी बहुतेक माणसं मदतीला धावतात, तीन-चार शब्द पुढे करतात, आणि त्यातला एखादा मी निमूटपणे उचलते. तो मला हवा असलेला नसला तरी. काकीनं असं कधी केलं नाही. ती थांबायची. हातातलं काम चालू ठेवायची, माझ्याकडे रोखून बघायची नाही, आणि मला शब्द सापडला की मान हलवायची. तिच्याशी बोलताना मला घाम फुटत नसे.

काकी पावणाईच्या देवळातल्या गुरवाची बायको. काका वारले, सुतक फिटलं, त्या दिवसापासून पूजा तीच करत होती. मुलगा महेश ठाण्याला, त्याचं तिथं नीट चाललेलं. आधी सगळ्यांना वाटलं, चार दिवसांची गोष्ट आहे. मग पावसाळा गेला, जत्रा झाली, आणखी एक पावसाळा गेला, आणि काकी पहाटे फुलांची परडी घेऊन जातच राहिली. कौलसुद्धा तीच लावू लागली.

देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, विचारणाऱ्यानं प्रश्न मांडायचा, आणि पाकळी पडायची वाट बघायची. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कधी लगेच पडते, कधी माणूस बसून बसून कंटाळतो. काकीचे नियम दोनच होते. प्रश्न एका वेळी एक, आणि विचारून झाल्यावर तोंड बंद.

एका मे महिन्यात डोंबिवलीचे एक गृहस्थ आले. मी फुलं पोचवायला गेले होते म्हणून तिथं होते. त्यांनी एका दमात विचारलं, काजूची बाग विकू की भावाला देऊ, आणि मुलीला पुण्याचं स्थळ आलंय त्याला हो म्हणू का. काकीनं शांतपणे विचारलं, "ह्यातला खयचा आधी?" त्यांनी बाग म्हटलं. पाकळ्या लागल्या. आणि मग त्यांना राहवेना. भाऊ कसा आहे, वडील जाताना काय म्हणाले, कुंपण कुणी घातलं, असं ते देवीला सांगत सुटले. काकी म्हणाली, "देवीन आयकला. आता तिका बोलूदे." ते हो हो म्हणाले आणि पुढे कुंपणाचंच सांगू लागले. त्या नादात पाकळी पडली ती त्यांना दिसलीच नाही.

"कुठली पडली?" त्यांनी विचारलं.

"माका म्हायत आसा," काकी म्हणाली, "पण प्रश्न तुमचो. तुमी बघूक व्हया. परत लावया."

दुसऱ्या खेपेला ते गृहस्थ ओठ घट्ट मिटून बसले. घामाघूम झाले, पण बोलले नाहीत.

टीव्हीवरच्या त्या दोघांवर तिचा राग होता तो ह्याच कारणानं. ती म्हणायची, ह्यांनी प्रश्न विचारायचं काम पत्करलंय आणि उत्तराची ह्यांना भीती वाटते. त्यांचे कपडे, त्यांचं हसणं, मधे मधे येणारी गाणी, ह्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पाहुणा घरून काहीतरी सांगायला निघालेला असतो आणि ते तसंच घेऊन परत जातो, हे तिला सहन होत नसे.

जाहिराती लागल्या की ती टीव्हीचा आवाज बंद करायची आणि पाहुण्याचं अर्धवट राहिलेलं स्वतः पुरं करायचा प्रयत्न करायची. एकदा एसटीच्या एक बाई कंडक्टर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या ड्युटीचा पहिलाच आठवडा, गाडी घाटात बंद पडली, आणि मागच्या सीटवर एक म्हातारे..." तेवढ्यात अय्या म्हणाली, अय्या किती थरारक, आणि घायकुत्यानं घाटावरचं एक गाणं लावलं. कंडक्टर बाई पुढे हसत बसून राहिल्या. त्या म्हाताऱ्याचं काय झालं, हे कुणाला कळलं नाही.

काकीला ते लागून राहिलं. ती भात वाढताना म्हणायची, "आजारी होतो काय गो तो म्हातारो?" विहिरीवर म्हणायची, "उतरान चलत गेलो आसतलो." मला तिनं इंटरनेटवर शोधायला लावलं. तिथंही तेवढंच होतं, गाण्यासकट. मग एकदा ती नात्यातल्या कुणाकडे खारेपाटणला निघाली, आणि त्या गाडीला बाई कंडक्टर होती. काकीनं तिकीट घेता घेता तिलाच विचारलं, घाटात गाडी बंद पडली तेव्हा मागच्या सीटवर काय झालं होतं. त्या बिचारीला काहीच संदर्भ नाही. पण ती भली होती. तिनं सांगितलं, माझ्याही गाडीत एकदा असंच झालं होतं, आणि मग तिकिटं फाडता फाडता, घंटी मारता मारता ती आपलीच एक गोष्ट सांगत राहिली. काकीचा थांबा मागे गेला तरी गोष्ट संपेना. काकी पुढच्या थांब्यावर उतरली, उन्हातून चालत मागे आली, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "दुसऱ्या बाईची दुसरी गजाल, पण पुरी आयकलंय." गजाल म्हणजे आमच्याकडची गप्पागोष्ट. त्या दिवशी तिनं टीव्हीला काहीच सुनावलं नाही.

तरी तिचं समाधान झालं नव्हतं. कार्यक्रमाच्या शेवटी पडद्यावर एक मोबाईल नंबर यायचा, तुमच्या प्रतिक्रिया कळवा म्हणून. एका दुपारी तिनं मला बोलावलं आणि म्हणाली, मी सांगते तसं लिही. मी तक्रारींना उत्तरं देणारी, तक्रार लिहायची माझी पहिलीच वेळ. तिनं रीतसर ओळख करून देऊन सुरुवात केली. मी अमुक गावची, पावणाईच्या देवळात पूजा मी करते, कौल मी लावते. आणि मग मुद्दा. तुमच्याकडे माणसं लांबून येतात. त्यांना एक प्रश्न विचारा आणि ऐका. ऐकून झालं की दुसरा विचारा. पुढे कंडक्टर बाईंचंही लिहिलं, की त्यांना परत बोलवा.

लगेच उत्तर आलं, तुमच्या प्रेमाबद्दल मनःपूर्वक आभार, आणि पुढे गुलाबाची तीन चित्रं. काकीनं चष्मा लावून ती बघितली आणि फोन माझ्या हातात परत दिला.

पण काही आठवड्यांनी मुंबईहून फोन आला. ते कोकणातल्या बायकांवर खास भाग करत होते आणि देवळात पूजा करणाऱ्या काकू त्यांना हव्या होत्या. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं होतं. पुढचं कुणी वाचलेलं दिसत नव्हतं.

सगळ्यांना वाटलं, काकी नाही म्हणेल. काकी म्हणाली, "येवदे तेंका. समोरासमोर बोलया."

ते आले तेव्हा झोपाळाही टेम्पोतून आणला होता. देवळाबाहेरच्या फणसाला टांगला, त्याला प्लॅस्टिकचा झेंडू गुंडाळला. काकीला समोर देवळातल्याच एका बुटक्या स्टुलावर बसवलं. तिनं निळी साडी नेसली होती आणि केसात देवीवरचं एक फूल. आम्ही सगळे दगडी गडग्यापलीकडे उभे. झोपाळा टांगेपर्यंत काकीच्या घरात कोण कोण, मुलगा कधी येतो, हे त्यांनी वाडीतल्या बायकांकडून काढून घेतलं होतं.

अय्यानं विचारलं, "काकू, एक बाई म्हणून देवीची पूजा करताना कसं वाटतं? भीती नाही वाटत? आणि गावानं कसं स्वीकारलं तुम्हाला?"

काकीनं बहुधा त्यातला पहिला प्रश्न उचलला आणि ती विचार करू लागली. खरंच विचार करू लागली. तिचं सगळं आयुष्य विचारल्यावर थांबण्यात गेलेलं. उत्तर लगेच येत नसतं, हे तिला इतकं अंगवळणी पडलेलं की कॅमेऱ्यासमोर आपलं थांबणं कुणाला वेगळं वाटेल हे तिच्या ध्यानातच आलं नाही. ती समोर बघत बसली, हात मांडीवर.

झोपाळ्यावर चुळबुळ सुरू झाली. घायकुता हळूच म्हणाला, "काकू भावुक झाल्यात." अय्या म्हणाली, "साहजिकच आहे. काकांची आठवण. पण आता मुलगा गणपतीला येणार, त्याच्या हातात सगळं सोपवायचं, आणि काकू मस्त आराम करणार. हो ना काकू?" आणि तिनं खाली वाकून काकीचा हात हातात घेतला. काकीनं नुकतीच मान वर केली होती. आपल्या उत्तराकडे ती पोचली होती असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. तेवढ्यात कुणीतरी 'ओके' म्हणालं आणि दिवे मालवले.

टेम्पो गेल्यावर काकी स्टुलावरच बसून होती. मी जवळ गेले. ती म्हणाली, "माझा उत्तर तयार झालेला गो. तेवड्यात ते उठले."

काय होतं उत्तर, मी विचारलं. ती मला सांगेल असं मला वाटलं होतं. पण तिनं नकारार्थी मान हलवली आणि फुलांचा कचरा गोळा करायला उठली.

तो भाग दाखवला त्या दुपारी अख्खी वाडी काकीच्या घरात होती. फणस दिसला, टाळ्या पडल्या. काकी दिसली, पोरांनी ओरडा केला. अय्या बोलली, काकीची मान वर झाली, आणि पडद्यावर ती अगदी होकारासारखी दिसली. खाली अक्षरं आली, 'मुलाकडे वारसा सोपवून काकू घेणार विश्रांती.' मग गाणं.

बायका काकीला म्हणाल्या, काय दिसलंस गो, अगदी सिनेमातल्यासारखी. देवस्थान समितीचे अध्यक्ष दाजी दारात उभे होते. ते म्हणाले, "बरं झालं वहिनी. आमच्या मनात होतं तेच तुम्ही सांगून टाकलंत."

काकी म्हणाली, "मी खंय काय सांगलंय?" पण तिचा आवाज त्या गोंगाटात कुणाच्या कानी गेला नाही. दाजी चप्पल घालून निघालेही होते.

चार दिवसांत सगळं ठरल्यासारखं झालं. महेश काही येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग काकांच्या चुलतभावाचा मुलगा प्रकाश ह्याचं नाव निघालं. प्रकाश मालवणात पर्यटकांसाठी गाडी चालवतो, स्वभावानं चांगला आहे, आठवड्यातून दोनदा येऊन बघेन म्हणाला. बाकीचे दिवस शेजारच्या वाडीतलं कुणी दिवा लावील. रविवारी समितीची सभा, त्यात ठराव करायचा. काकीला कुणी विचारलं नाही, कारण काकीनं टीव्हीवर सांगितलंच होतं.

मी काकीला म्हटलं, आपण त्या लोकांना लिहूया, त्यांनी चूक दुरुस्त करायला हवी. मला तेवढंच करता येण्यासारखं होतं. ती म्हणाली, "तेंचा काय ता तेंचा. गावाक मी सभेत सांगतलंय."

शेजारची जयावहिनी येऊन बराच वेळ समजावत बसली. काकीचे गुडघे, पहाटेचा गारठा, पावसात शेवाळलेल्या पायऱ्या, आणि शेवटी, चार पुरुषांपुढे तू काय बोलशील. काकीनं सगळं ऐकलं. वहिनीचं संपल्यावर विचारलं, "झाला तुझा?" वहिनी हो म्हणाली. "मगे चाय घे," काकी म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

त्या आठवड्यातही ती दुपारी टीव्ही लावायची. मला आश्चर्य वाटलं. मी विचारल्यावर म्हणाली, बघत्येय, माणसाला नेमकं कुठं अडवतात ते. आणि खरंच, ती आता त्या दोघांना काही सांगत नव्हती. सूप बाजूला ठेवून नुसती बघत होती. पाहुण्यानं श्वास घेतला की घायकुता शिरतो, पाहुणा हसला की अय्या शिरते, हे तिनं मला दाखवलं. "श्वास घेवचो, पण तोंड मिटूचा नाय," ती म्हणाली. ती थट्टा करतेय की काय मला कळेना. ती थट्टा करत नव्हती.

सभेनंतरच्या आठवड्यात मी नवी नोकरी घेऊन पुण्याला गेले. काकीला मी नीट बघितलं ते शेवटचं त्या सभेतच.

सभामंडपात सतरंजी अंथरली होती. पुरुष पुढे, आम्ही बायका खांबांना टेकून मागे. काकी सकाळची पूजा आटपून आली आणि मागे न बसता सतरंजीच्या कडेला, दाजींच्या समोर बसली. प्रकाश तिच्याशेजारी सरकला आणि तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दाजी घरी मालवणीत बोलतात, सभेत मात्र पुस्तकी मराठी. ते म्हणाले, "वहिनींनी आजवर सेवा केली, त्याबद्दल समिती ऋणी आहे. आता त्यांचं वय झालं, त्यांनीच तशी इच्छा व्यक्त केली, आणि प्रकाशही तयार आहे. तर वहिनी, तुमची काही हरकत नाही ना?"

काकी गप्प बसली. समोर बघत, हात मांडीवर. मला ते स्टूल आठवलं. दाजींनी थोडं थांबून बघितलं, मग समितीकडे वळून म्हणाले, "म्हणजे वहिनींची संमती..."

"दाजीनू," काकी म्हणाली, "माका इचार करूदे."

दाजी थांबले. कुणीतरी खोकलं, कुणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला. माणसं एकमेकांकडे बघू लागली. काकीला त्याचं काही नव्हतं. ती पुरेसा वेळ घेत होती. आणि मग ती बोलू लागली, सावकाश, घरात बोलावं तशी.

"टीव्हीवर जा तुमी आयकलास, ता त्या झोपाळ्यावरच्या चेडवान सांगल्यान. मी बोललंय नाय. माझ्या झिलाचा, महेशचा काय ता तेका इचारा. माझा मी सांगतंय. लगीन होवन हयसर इलंय तेव्हापासून देवीची फुला मीच काढतंय. कौल आमचे हे लावायचे, पण पाकळी किती ओली व्हयी ता मीच बघायचंय. बाई म्हणान कसा वाटता, असा त्या चेडवान इचारल्यान. बाई म्हणान काय वाटूचा? सकाळी दार उघडला की देवी दिसता. ती दिसली की माका बरा वाटता."

तिनं श्वास घेतला. दाजी म्हणाले, "बरोबर आहे वहिनी, पण..."

काकीनं हात किंचित वर केला. "संपाक नाय."

दाजी खाली बघू लागले.

"प्रकाश बरो झील आसा. तेका येवदे. तेका मी शिकयतलंय, सगळा शिकयतलंय. पण माझे पाय चलतत तवसर हयसरली पूजा मी करतलंय. उद्यापण करतलंय. ह्या मी तुमका इचारूक नाय दाजीनू, ह्या मी तुमका सांगतंय."

काकीनं एकदा सगळ्या पुरुषांकडे, मग मागे वळून आम्हा बायकांकडे बघितलं, आणि पदर सारखा केला.

"झाला," ती म्हणाली. "माझा बोलून झाला. आता तुमी बोला. मी मधी बोलूचंय नाय."